नकोबांचा ताप

विमानतळाच्या लाल गालिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा लावणं हे तिचं काम. परदेशातून कुणी मोठा पाहुणा यायचा असला की परराष्ट्र खात्याच्या राजशिष्टाचार विभागातली ही बाई आदल्या दिवशी गुडघ्यांवर बसायची आणि एकेक खूण चिकटवत पुढे सरकायची. इथे परराष्ट्रमंत्री, इथे महापौर, इथे सेनापती. दुसऱ्या दिवशी ज्याचे बूट त्याच्या खुणेवर. खात्यात सगळे तिला रांगवाली म्हणत.

"कुणी फुलं ओवतं, मी माणसं ओवते," ती म्हणायची. "फुलं बरी. पोट आत घ्या म्हटलं तर रुसत नाहीत."

रांगेच्या अगदी टोकाला जी खूण असायची ती विरोधी पक्षनेत्याची. हा पायंडा कुणी पाडला कुणास ठाऊक. सरकारं आली नि गेली, पायंडा राहिला. परराष्ट्रमंत्री पाहुण्याला घेऊन शेवटापर्यंत चालत जायचे, तिथे थांबायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "हे आमचे विरोधक. आम्ही चुकलो की हे सांगतात." पाहुणा हात पुढे करायचा, विरोधक तो हातात घ्यायचा आणि रांग संपायची. निवडणूक झाली की टोकाचा माणूस पहिल्या खुणेवर यायचा, पहिल्या खुणेवरचा टोकाला जायचा. वाक्य मात्र तेच.

सध्या टोकाला होते नकोबा. सभागृहात बोलायला उठले की त्यांचा पहिला शब्द 'नको' असायचा, म्हणून हे नाव. त्यांची बायको, जिला सगळं खातं काकू म्हणायचं, ती सांगायची, "लग्नाला तेवढं हो म्हणाले. तेसुद्धा मी दोनदा विचारल्यावर."

आणि पाहुणा यायचा होता तो शेजारचा. नदीपलीकडचा.

दोन्ही काठांवर बोली एकच, पाणी एकच, वाळत घातलेलं धुणं वाऱ्यानं फडफडायची तऱ्हासुद्धा एकच. पण पलीकडच्या सभागृहाला टाळं लागून कितीतरी वर्षं झाली होती आणि सगळा कारभार एका माणसाच्या मुठीत होता. त्याला दोन्हीकडे नुसतं 'साहेब' म्हणत. पलीकडे भीतीनं, अलीकडे सवयीनं. टाळं लागलं तेव्हा अलीकडचे परराष्ट्रमंत्री नकोबाच होते. त्यांनी लोकशाहीवर असं काही भाषण ठोकलं, पलीकडच्यांना असा काही दम भरला, की बाकं वाजवून वाजवून सदस्यांचे तळवे लाल झाले. आठवडाही उलटला नाही, साहेबांनी नदीवरचा पूल बंद केला. तो बंदच राहिला.

त्या पुलापलीकडे रांगवालीची मावशी राहायची.

रांगवालीची आई आणि ही मावशी, दोघी पाठच्या बहिणी. एकमेकींच्या परकरात वाढलेल्या. फोन चालायचे, पण फोनमध्ये तिसरं कुणीतरी कान लावून बसलेलं असतं हे दोघींना माहीत होतं. म्हणून त्या फक्त हवेविषयी आणि गुडघ्यांविषयी बोलायच्या.

"त्या ऐकणाऱ्याचेही गुडघे एव्हाना दुखायला लागले असतील," आई म्हणायची आणि फोन ठेवला की खिडकीशी बसून गुणगुणायची,

मधून वाहे नदी, दोही काठी दोन चुली,
एकीच्या धुरानं बाई, दुजीची पापणी ओली.

आता साहेब येणार होते, बोलणी व्हायची होती, आणि जमलं तर पूल उघडायचा होता. आईनं मावशीसाठी शिवलेली गोधडी पेटीतून काढून उन्हात टाकली होती.

साहेबांच्या आधी त्यांचा शिष्टाचार अधिकारी पाहणीला आला. शिडशिडीत, हसताना ओठ न उघडणारा. खिशात मोजपट्टी. विमानाच्या शिडीपासून गालिच्यापर्यंत आणि गालिच्यापासून गाडीच्या दारापर्यंत त्यानं सगळं मोजलं. रांगवालीनं मनातल्या मनात त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं. शेवटच्या खुणेपाशी तो थांबला.

"ही कुणाची?"

"विरोधी पक्षनेत्यांची."

मोजपट्टी सर्रकन आत गेली. "बाई, ही नको."

"का हो? बेताच्या उंचीचे आहेत ते. फोटोत कुणाला झाकत नाहीत."

"आमच्याकडे नदीकाठच्या घरांत तुमचं चॅनल दिसतं," फूटपट्टी हळूच म्हणाला. "साहेब विरोधकाचा हात हातात घेताना दिसले तर लोक विचारतील, आपल्या रांगेतला टोकाचा माणूस कुठे गेला?" मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "मी हे बोललो नाही."

"मी ऐकलं नाही," रांगवाली म्हणाली.

संध्याकाळी त्यांच्या वकिलातीतून रीतसर निरोप आला. तो माणूस रांगेत दिसला तर साहेब विमानातून उतरणार नाहीत. मग पुलाचंही विसरा.

परराष्ट्रमंत्री बाई होत्या. ठसठशीत, करड्या केसांच्या. भाषणं लिहून देणारा एक अख्खा विभाग हाताशी असून कागद बाजूला ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी रांगवालीला बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"त्या टोकाला मीही उभी राहिलेय. नकोबा पहिल्या खुणेवर होते तेव्हा. तिथे वारा फार लागतो गं."

"हो मॅडम. तुमचा पदर सांभाळायला पिन मीच दिली होती."

"दिली होतीस खरी." बाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "हे बघ. लोकशाही पलीकडे पोचावी म्हणून आपण काय नाही केलं? दम दिला, बहिष्कार घातला, जगभर ठराव मांडले. काय गेलं पलीकडे? साधी मुंगी गेली नाही. पूल उघडला तर निदान माणसं तरी जातील-येतील. आधी पूल, मग रांग. तू मार्ग काढ." दाराशी आल्यावर म्हणाल्या, "तुझी मावशी तिकडे आहे ना? मग तुला वेगळं काय सांगायचं."

रांगवाली तिथून थेट नकोबांच्या घरी गेली. ते ओट्याशी उभं राहून लसूण सोलत होते. काकूंचा नियम होता, देशाला नको म्हणा, लसणाला म्हणायचं नाही.

तिनं सगळं सांगितलं. नकोबा ऐकत होते, सालं एका बाजूला, पाकळ्या एका बाजूला.

"म्हणजे मी उभा राहिलो तर तुझ्या आईला बहीण भेटत नाही."

"तसं नाही काका..."

"तसंच आहे. भाषण माझं होतं, पोरी. टाळ्या इकडे पडल्या, कुलूप पुलावर पडलं." त्यांनी हात धुतले, पुसले आणि एक हात स्वतःच्याच कपाळाला लावून पाहिला. "अगं, बघ जरा. मला ताप येतोय."

काकूंनी कपाळाला हात लावला. "गारढोण आहे."

"उद्यापर्यंत चढेल."

"आयुष्यभर नको नको केलंत," काकू म्हणाल्या, "आणि लग्नानंतर पहिल्यांदा हो म्हणालात ते तापाला." पण बोलता बोलता त्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली होती.

रांगवाली हलक्या पावलांनी घरी आली. आईला मिठी मारून म्हणाली, "आई, सुटलं बघ! नकोबा आजारी पडायला तयार झाले. रांगेत नसणार. पूल उघडणार!"

आई गोधडीची एक शिवण पक्की करत होती. सुई थांबली.

"तो म्हातारा रांगेत नसणार?"

"नसणार."

"अगोबाई." आईनं सुई गोधडीत खोवून ठेवली. "तुला माहितीय, तुझी मावशी फोनवर गुडघ्यांचं झालं की दर वेळी काय विचारते? म्हणते, तुमचा तो टोकाचा म्हातारा बरा आहे ना? ऐकणाऱ्याला वाटतं, घरातलंच कुणी. मी म्हणते, बरा आहे. मग ती म्हणते, मग आम्हीही बऱ्या आहोत. तिच्या नवऱ्याला, तुझ्या काकांना, शाळेतल्या नोकरीवरून काढलं ते आठवतंय? सभेत एकदा उठून 'हे चुकतंय' म्हणाले म्हणून. तेव्हापासून ते घरात बसून असतात. पण तुमच्याकडे कुणी पाहुणा आला की खुर्ची टीव्हीपुढे ओढतात. सगळी गल्ली बघते म्हणे, आवाज बंद करून. राजेरजवाड्यांची कुणाला पडलेली नाही. शेवटी तो म्हातारा येतो, ज्यानं काल सरकारला शिव्या घातल्या आणि आज सरकारच्याच रांगेत इस्त्रीचे कपडे घालून उभा आहे, तेवढं बघतात आणि बंद करतात."

रांगवाली गोधडीच्या दुसऱ्या टोकाशी बसली. "मग पूल नको तुला?"

"हवाय गं. जीव टांगलाय माझा त्या पुलाला." आईनं गोधडीवरून हात फिरवला. "पण ती पूल ओलांडून येईल आणि पहिलं विचारेल, म्हातारा कुठाय? काय सांगू? तुझ्या भेटीसाठी दिला काढून?"

दोघी गोधडीच्या दोन टोकांना बसल्या होत्या. रांगवालीनं तिच्या नकळत गोधडीवरची ठिगळं बोटांनी मोजायला, सरळ करायला सुरुवात केली होती. एका जागी ठिगळ लावायचं राहिलं होतं. आजूबाजूचे रंग एवढे दाट, की नजर फिरून फिरून त्या रिकाम्या चौकोनावरच जात होती.

"आई," ती म्हणाली, "आमच्या कामात एक रीत आहे. रांगेतलं माणूस मेलं किंवा पदावरून गेलं तर जागा बुजवायची, बाकीच्यांनी सरकून घ्यायचं. पण नुसतं आजारी असलं तर जागा बुजवायची नाही. खूण तशीच ठेवायची. त्याची जागा त्याचीच."

"मग?"

"मग नकोबा आजारी आहेत."

दुसऱ्या दिवशी मंत्रीबाईंनी ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "ठेव. रिकामी जागा कुणाला दिसतेय?" फूटपट्टीनं ती जागा दोन्ही बाजूंनी मोजली, बराच विचार केला आणि म्हणाला, "आदेश माणसाबद्दल आहे. जागेबद्दल आदेश नाही." जाताना मात्र त्या खुणेकडे त्यानं वळून पाहिलं.

साहेब आले. विमानातून उतरले. टीव्हीवर दिसायचे त्याहून बुटके आणि थकलेले वाटले. कॅमेरे, बँड, झेंडे, सगळं यथासांग झालं. मंत्रीबाई त्यांना घेऊन रांगेतून निघाल्या. हे महापौर. हे सेनापती. साहेबांचा हात यंत्रासारखा पुढे जायचा, परत यायचा. रांगवाली खांबाशी उभी राहून ओठांतल्या ओठांत नावं पुटपुटत होती. शेवटचा माणूस, कुलगुरू. इथून गाडीकडे वळायचं, असं बाईंना चार वेळा सांगून ठेवलं होतं.

बाई वळल्या नाहीत.

एवढी वर्षं त्या रांगेत चालल्या होत्या. कधी या टोकाकडून, कधी त्या टोकाकडून. पायांना पाठ होतं ते पायांनी केलं. त्या रिकाम्या खुणेपाशी गेल्या, थांबल्या, हात उलगडून म्हणाल्या, "हे आमचे विरोधक. आम्ही चुकलो की हे सांगतात."

आणि साहेबांचा हात पुढे गेला.

गालिच्यावर नुसती पांढरी चिकटपट्टी. तिच्यावर वारा. साहेबांचा हात त्या वाऱ्यात तसाच, आणि समोरचे सगळे कॅमेरे त्या हातावर. बँडवाल्यांनीसुद्धा वाजवायचं थांबवलं. खांबाशी उभ्या रांगवालीच्या डोळ्यांपुढे घरी बसलेली आई आली, गोधडी पुन्हा पेटीत ठेवणारी.

साहेबांनी हात सावकाश मागे घेतला. "कुठे आहेत ते?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. पण दुसरं काही सुचायला वेळच मिळाला नाही. "ताप आलाय त्यांना."

"कधीपासून?"

"तुम्ही येणार हे ठरल्यापासून," बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

साहेब त्या जागेकडे बघत राहिले. आपल्या नावाचाही कुणाला ताप येतो हे त्यांना नवीन नव्हतं. पण ते असं तोंडावर सांगणारं माणूस बहुधा खूप दिवसांनी भेटलं असावं. मोठ्या माणसाला चारचौघांत काहीतरी बोलावंच लागतं. आजाऱ्याविषयी जे कुणीही बोलेल तेच ते बोलले.

"बरं व्हायला सांगा त्यांना."

ध्वनिक्षेपक उघडे होते. वाक्य नदी ओलांडून गेलं.

घरी शाल गुंडाळून टीव्हीपुढे बसलेले नकोबा म्हणे एवढे हसले, की काकूंनी खरंच ताप बघितला.

बोलणी तीन दिवस रखडली. साहेब रागावले आहेत, साहेब निघून जाणार आहेत, अशा वावड्या उठत होत्या. गोधडीतला तो राहिलेला चौकोन आईनं लावला, उसवला, पुन्हा लावला. पण पुलाची गरज पलीकडेही होती. तिकडची मीठ-साखर महाग झाली होती, रुग्णालयात औषधं नव्हती. अखेर सही झाली. गाड्या नाहीत, माल नाही. फक्त पायी, आठवड्याच्या बाजारच्या दिवशी, आणि तेही नातलग असलेल्यांनाच. साहेबांनी दार किलकिलं केलं, एवढंच.

पहिल्या बाजारच्या दिवशी रांगवाली आईला घेऊन पुलावर गेली. पलीकडच्या नाक्यावर फूटपट्टी उभा होता. विमानतळावरच्या प्रकाराची शिक्षा म्हणून त्याला तिथे पिशव्या तपासायला बसवलं होतं. मोजपट्टी हातातच होती.

मावशी आली ती गर्दीतून वाट काढत, एका हातात काठी, एका हातात पिशवी. पुलाच्या मधोमध दोघी बहिणी एकमेकींपुढे उभ्या राहिल्या आणि क्षणभर ओळखच पटेना. मग आई म्हणाली, "किती गं वाळलीस!" मावशी म्हणाली, "तू दोघींचं खाल्लंस वाटतं!" आणि मग गोधडी, काठी, पिशवी सगळं खाली पडलं.

डोळे पुसून झाल्यावर मावशीनं पहिलं काय विचारावं?

"म्हातारा कसाय? ताप उतरला का?" तिनं पिशवी उचलली. "हा मफलर त्यांना दे. काकांनी विणलाय. घरात बसून बसून विणायला शिकलेत ते."

रांगवालीनं मान वर केली. मावशीच्या मागं माणसांची लांबच लांब रांग लागली होती. खुणा कुणी लावल्या नव्हत्या तरी सरळ. ज्याचे त्याचे नातलग अलीकडे उभे होतेच, पण प्रत्येकाच्या हातात आणखी काहीतरी होतं. लिंबं, मधाची बाटली, सुंठीची पुडी, गवती चहाची जुडी, लोकरीचे मोजे, कुणाच्या आजीचा हातखंडा काढा. 'टोकाच्या म्हाताऱ्याला' असं सांगून ते पुढे सरकत होते.

नाक्यावरचा मोठा अंमलदार फूटपट्टीला घेऊन धावत आला. "हे काय चाललंय? विरोधकाला भेटी?"

"विरोधकाला कुठे हो, आजाऱ्याला," एक म्हातारी म्हणाली. "साहेबच म्हणाले ना, बरं व्हायला सांगा म्हणून. टीव्हीवर म्हणाले. आम्ही आपला त्यांचा हुकूम पाळतोय."

अंमलदारानं फूटपट्टीकडे पाहिलं. फूटपट्टीनं काकांचा मफलर घेतला, मोजपट्टी लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला. बराच लांब निघाला.

"मफलर आहे," तो म्हणाला. "नियमात बसतो."

मग एकेक लिंबू, एकेक पुडी त्यानं तशीच मोजली आणि जाऊ दिली. रांग संपत आली तेव्हा त्यानं रांगवालीला खुणेनं जवळ बोलावलं आणि खिशातून एक छोटीशी डबी काढली.

"खडीसाखर आहे. माझ्या आईनं दिलीय. मी दिली नाही."

"मी घेतली नाही," रांगवाली म्हणाली आणि डबी पदराच्या गाठीला बांधली.

नकोबांच्या घरी पाय ठेवायला जागा उरली नाही. काकू काढ्यांच्या बाटल्या रचून रचून थकल्या. "हा घ्या, हा पण घ्या," म्हणत एकेक चमचा पाजत होत्या आणि नकोबा सवयीनं "नको, नको" म्हणत तोंड उघडत होते. कुठल्याशा काढ्यानं ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेचना. काकू पदरानं पुसत राहिल्या.

पुढचा पाहुणा आला तेव्हा वारा फार होता. रांगवालीनं शेवटची खूण तळहातानं दाबून घट्ट बसवली. नकोबा येऊन तिच्यावर उभे राहिले, इस्त्रीचे कपडे, आणि गळ्यात तो लांबच लांब मफलर, गुडघ्यांपर्यंत लोंबणारा.

"काका, राजशिष्टाचारात बसत नाही हे," ती म्हणाली.

"काढू?"

"नको," रांगवाली म्हणाली. तिनं मफलरचं टोक उचललं, त्यांच्या खांद्यावरून मागे टाकलं आणि कॅमेऱ्याकडून नीट दिसतंय ना, ते दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.